ईयोबाची फिर्याद

बायबलमधला ईयोब म्हटला की सहनशीलतेचा पुतळा डोळ्यांपुढे येतो. ऊस देशातला हा सज्जन माणूस ७,००० मेंढरे, ३,००० उंट आणि दहा मुले एका दिवसात गमावतो, आणि तरीही परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, असे म्हणून दंडवत घालतो. परंतु ही ओळख पहिल्या दोन अध्यायांपुरतीच खरी आहे. ४२ अध्यायांच्या या हिब्रू ग्रंथात तिसऱ्या अध्यायापासून काव्य सुरू होते आणि त्यात ईयोब तोंड उघडतो तो आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी.

बायबलमधल्याच आठव्या स्तोत्राचा कर्ता कृतज्ञतेने विचारतो की, मनुष्य तो काय, की देवा, तू त्याची आठवण ठेवावीस? ईयोब सातव्या अध्यायात जवळजवळ तेच शब्द उलटे फिरवतो : मनुष्य तो काय, की तू रोज सकाळी त्याची झडती घ्यावीस आणि थुंकी गिळण्याइतकीही उसंत त्याला देऊ नयेस?

पुढे त्याच्या बोलण्याला न्यायालयाची भाषा येते, आणि मला ती या ग्रंथातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. नवव्या अध्यायातली त्याची अडचण अशी, की ज्याच्यावर फिर्याद करायची तोच न्यायाधीश आहे, आणि दोघांच्याही खांद्यावर हात ठेवील असा लवाद कुठेच नाही. तरीही एकतिसाव्या अध्यायात तो आपले म्हणणे पुरे करतो आणि सांगतो, ही माझी सही, आता सर्वसमर्थाने उत्तर द्यावे. ‘सही’साठी मुळात ‘ताव’ हा शब्द आहे. ते हिब्रू वर्णमालेतले शेवटचे अक्षर, आणि प्राचीन लिपीत ते फुलीसारखे काढत.

तेराव्या अध्यायातला एक चरण तर एका अक्षरावर अडला आहे. ‘लो’ हा हिब्रू शब्द अलेफ या अक्षराने लिहिला तर अर्थ होतो, ‘तो मला मारील, मला आशा नाही’. वाव या अक्षराने वाचला तर, ‘तो मला मारो, मी त्याचीच आशा धरीन’. हिब्रू बायबलचा पाठ काटेकोरपणे जपणाऱ्या मासोरा परंपरेच्या पंडितांनी पहिला पाठ ओळीत आणि दुसरा समासात, असे दोन्ही जपले. ईयोब लगेच पुढे, तरीही मी माझी बाजू त्याच्या तोंडावर मांडीन, असे म्हणतो, म्हणून मला पहिलाच पाठ पटतो. श्रद्धाळू वाचकाला दुसरा हवासा वाटावा, यातही नवल नाही.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र मात्र देवाची वकिली करतात : दुःख आले त्याअर्थी पाप घडलेच असणार. शेवटी वावटळीतून देव बोलतो तेव्हा तो ईयोबाला खडसावतो खरा, परंतु पापाचा आरोप ठेवत नाही. पृथ्वीचा पाया, रानबकऱ्यांचे वेत, शहामृगाची अंडी यांविषयीच बोलत राहतो. मग अलीफजाला तो स्पष्ट सांगतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. प्रायश्चित्त म्हणून ७ गोऱ्हे आणि ७ मेंढे या तिघांनाच द्यावे लागतात, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती ईयोबाने.

फिर्यादीला मेंढरे दुपटीने, म्हणजे १४,००० मिळतात, मुले पुन्हा दहा होतात. सर्व हिरावले की ईयोब तुला शाप देईल, अशी पैज स्वर्गसभेत सैतानाने देवापुढे मांडली होती, हे मात्र ईयोबाला अखेरपर्यंत कोणी सांगत नाही.