तलम केस, विरळ केस

(गोव्यातल्या फोंड्यात महिलांच्या एका मेळाव्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, नमस्कार.

रोज एक पान फाडायचं ते छोटं कॅलेंडर तुमच्यापैकी कित्येकींच्या स्वयंपाकघरात असेल. एक तिशीतली बाई माझ्याकडे आली, तिने पर्स उघडली आणि त्या कॅलेंडरच्या पानांच्या सात पुड्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक पुडीत त्या त्या दिवसाची गुंतवळ. फणीतली, उशीवरची, न्हाणीतल्या जाळीवरची. वर निळ्या पेनाने आकडा लिहिलेला. आणि म्हणाली, "दोतोर, म्हजे केंस सगळे गेले."

मी पुड्या उघडून बघितल्या. रविवार १९०, बुधवार १७०. बाकीचे पाच दिवस २०, २५, १५, ३०, २०. मी विचारलं, केस कधी धुतेस? रविवारी आणि बुधवारी. मग आम्ही दोघींनी बेरीज केली. सगळे मिळून ४७०. भागिले सात, म्हणजे दिवसाला ६७.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले शेकडा ८५ ते ९० वाढत असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग वाढ थांबते आणि तो साधारण तीन महिने तसाच मुळात अडकून राहतो, विश्रांतीत. नंतर गळतो. आता हिशेब बघा. लाखातले दहा हजार केस विश्रांतीत आहेत आणि ते शंभरेक दिवसांत गळायचे आहेत, म्हणजे रोजचे शंभर. रोज ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे असं डॉक्टर सांगतात ते यातूनच येतं. जो केस आज गळायचा तो आज धुतला नाहीत तर इतर केसांत अडकून राहतो आणि रविवारी एकदम हातात येतो. त्या बाईने भीतीपोटी आठवड्यातून एकदाच न्हायचं ठरवलं होतं. मी तिला म्हटलं, असं करशील तर एका रविवारी जाळीवर साडेतीनशे-चारशे दिसतील आणि तुझी रात्रीची झोप जाईल.

आणि त्या गळलेल्या केसाच्या टोकाला जी पांढरी गाठ दिसते, मोहरीहून कितीतरी बारीक, तिला बघून बायका घाबरतात. मूळच उपटून आलं म्हणतात. मूळ आत शाबूत असतं. ती गाठ म्हणजे केसाने आपला काळ पुरा केल्याची खूण.

पण ती बाई सहज घाबरलेली नव्हती. तिचे केस मी बोटांत धरले, रेशमासारखे लागले. अशा केसांच्या माणसाला लहानपणापासून ऐकावं लागतं. मला हे माहीत आहे, कारण माझेही केस तसेच आहेत. मी नऊ-दहा वर्षांची असेन, मावसबहिणीचं लग्न होतं. आईने माझ्या वेणीत गंगावन गुंफलं, आणि जेवणाच्या पंगतीत एका काकूंनी सगळ्यांसमोर ते ओढून दाखवलं. "बघा, आतमध्ये उंदराचं शेपूट!" त्या दिवसाचा तो ताणलेला केस मला अजून टाळूवर जाणवतो. घरातल्या मुलीला असं बोलू नका. एवढी एक गोष्ट आज इथून घेऊन गेलात तरी मला पुरे आहे.

आपल्या बोलण्यात एक घोटाळा आहे. आपण "केस पातळ आहेत" म्हणतो आणि त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी भरतो. कापडाचं बघा. मलमल तलम असते, तिचा धागा बारीक असतो, पण वीण दाट असते. मच्छरदाणीचा धागा जाड असला तरी वीण विरळ असते. केसांचंही तसंच. तलम म्हणजे एकेक केस बारीक. विरळ म्हणजे केसांची संख्या कमी. तलम केस हा जन्माचा गुण आहे, आईवडिलांकडून आलेला. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. विरळ होणं ही घडणारी गोष्ट आहे, तिचं कारण शोधावं लागतं.

तलम केसांची वेणी एवढीशी का दिसते, याचं गणित सांगते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा तुमचा केस ५० मायक्रॉन जाडीचा आहे आणि शेजारणीचा ८०. दोघींच्या डोक्यावर केस सारखेच, लाख-लाख. तरी तुमची वेणी तिच्या वेणीच्या ऐंशीला पन्नास या प्रमाणात येत नाही, त्याहून कमी येते. कारण मूठभर केसांचा ऐवज जाडीच्या वर्गावर ठरतो. पन्नास गुणिले पन्नास अडीच हजार, ऐंशी गुणिले ऐंशी सहा हजार चारशे. म्हणजे शेजारणीच्या वेणीच्या जेमतेम शेकडा ४०. एकही केस न गळता! हे मला कुणी दहाव्या वर्षी सांगितलं असतं तर काकूंना उत्तर देता आलं असतं.

त्यात आपला गोवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकीचे महिनेही हवा दमट. केस हवेतलं पाणी शोषतो आणि लांबीने वाढतो. हे इतकं खात्रीचं आहे की १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्र केलं. तलम केसाला ही दमट हवा लगेच जाणवते. सकाळी फुगवून बांधलेले केस दुपारपर्यंत टाळूला चिकटतात, भांग रुंद वाटतो, आणि ऑफिसच्या आरशात वरच्या ट्यूबलाइटखाली टाळू चकाकते. ओल्या केसांत तर कुणाचीही टाळू दिसते. म्हणून न्हाऊन आल्याआल्या, न्हाणीच्या दिव्याखाली, मोबाइलने वरून फोटो काढून स्वतःला तपासू नका. तो फोटो खोटं बोलतो.

मग बघायचं काय? स्वतःची तुलना स्वतःशीच करायची. केस कोरडे असताना, दिवसाउजेडी, त्याच खिडकीशी, तोच भांग पाडून, दोन-तीन महिन्यांनी एक फोटो. वेणीच्या मुळाशी एक दोरा गुंडाळून त्याला गाठ मारून ठेवा. सहा महिन्यांनी तोच दोरा पुन्हा गुंडाळून बघा. आकडे मोजण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

गळलेला केसही नीट बघा. लांब आणि टोकाला गाठ असलेला केस आपल्या वेळेला गळालेला. आखूड आणि दोन्ही टोकांना गाठ नसलेला केस मध्येच तुटलेला. तलम केसांत तुटणं फार, कारण धागाच नाजूक. ओला केस आणखी कच्चा असतो. न्हाऊन आल्यावर पंचाने खसाखसा पुसून बारीक दातांची फणी घालणं थांबवलंत तर निम्मी तक्रार तिथेच मिटेल. मुलींच्या घट्ट वेण्याही सैल करा. भुवया ताणल्या जाईपर्यंत ओढलेल्या वेणीने कपाळावरचे आणि कानशिलांजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. आई प्रेमानेच घालते, तरी हे होतं.

आता खऱ्या गळतीबद्दल.

एक प्रकार येतो तो धडकी भरवणारा, पण बहुतेक वेळा आपसूक बरा होणारा. जुलैत डेंग्यू झाला. चवथीला बाई ठणठणीत, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली उभी राहून आरती करते. दसरा-दिवाळीच्या सुमारास केस मूठमूठ यायला लागतात. ती दोष देते नव्या शांपूला, विहिरीच्या पाण्याला. ताप विसरलेली असते. तापाच्या धक्क्याने पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मोठं ऑपरेशन, उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन, घरातला मृत्यू, यांनंतरही असंच होतं. बाळंतपणानंतर तर नेहमीचंच. माझ्या मुलाच्या वेळी चौथ्या महिन्यात मी न्हाणीत बसून रडले आहे. पुस्तकात वाचलेलं होतं, रोग्यांना समजावलेलं होतं, तरी रडले. आठव्या महिन्यात कपाळावर बोटभर आखूड केस उभे राहिले तेव्हा जिवात जीव आला. कारण एकदाचंच असेल तर ही गळती साधारण सहा महिन्यांत थांबते. तलम केसांना भरून दिसायला मात्र वर्ष लागतं, कारण वाढ महिन्याला तेवढीच, एक सेंटिमीटर.

दुसरा प्रकार गाजावाजा न करता येतो. जाळीवर फारसे केस नसतात, पण मधला भांग वर्षागणिक रुंद होत जातो. कपाळावरची रेषा तशीच राहते. इथे केसाचं मूळच लहान होत जातं आणि त्यातून येणारा प्रत्येक नवा केस आधीच्याहून बारीक. तलम केसांच्या बाईला हे उशिरा कळतं, कारण "माझे पहिल्यापासून असेच" म्हणून ती सोडून देते. हा प्रकार आपोआप थांबत नाही. इथे मात्र वेळेत यायला हवं. मिनॉक्सिडिल हे औषध मुळात रक्तदाबाच्या गोळ्या म्हणून आलं, रोग्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, आणि १९८८ साली अमेरिकेत टकलावर लावायला त्याला मान्यता मिळाली. ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. बायका घाबरून नेमक्या तिथेच सोडतात. चार ते सहा महिने लावल्याशिवाय निकाल कळत नाही, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना ते वापरायचं नाही. म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून उचलू नका.

तपासण्यांत मी तीन गोष्टी हमखास बघते. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड. आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शेकडा ५७ जणींना रक्तक्षय आहे, २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला हा आकडा आहे. फेरिटिन म्हणजे लोहाची साठवण. हिमोग्लोबिन ठीक असूनही कोठार रिकामं असू शकतं. आपल्या ताटात तिसऱ्यांच्या शिंपल्या आहेत, तांबडी भाजी आहे, नाचणी आहे. वर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाच्या सोबतीने चहा घेतला तर उलटं होतं. शाकाहारी बाईने बी-१२ही बघून घ्यावं.

केसांसाठी घेतात त्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल कळकळीने सांगते. त्याची खरी कमतरता फार क्वचित असते. आणि भरपूर बायोटिन घेऊन रक्त दिलंत तर थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो. हृदयविकारात बघतात त्या ट्रोपोनिनचासुद्धा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तशी सूचना काढली होती. गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

खोबरेल तेल? लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. नवा केस मात्र उगवत नाही. तलम केसांना थोडंच, न्हाण्याआधी, टोकांना. डोकं चोपडून ठेवलंत तर केस आणखी चिकटून विरळ दिसतील. मुंडणाने केस दाट येत नाहीत; वस्तरा फिरवल्याने केस दाट होतात का, हे १९२८ साली पुरुषांच्या दाढीवर नीट मोजून बघितलं गेलं आहे. कापलेलं टोक बोथट असल्याने ते फक्त राठ लागतं. तलम केसांना खाली सरळ रेषेत कापून घेतलं तर तेच बोथट टोक कामाला येतं, वेणी भरलेली दिसते.

आणि हेल्मेट. मुली मला सांगतात, डॉक्टर, हेल्मेटने केस गळतात म्हणून मी डिकीत ठेवते. हेल्मेटने केस गळत नाहीत. घामाने चिकटतात, एवढंच. आत सुती रुमाल बांधा, घरी जाऊन डोकं धुवा. पण फोंडा ते पणजी त्या रस्त्यावर उघड्या डोक्याने जाऊ नका, मी तुमच्या पाया पडते.

तुमच्यातल्या एकीने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे. "माझे केस फार पातळ, अबोलीची फाती माळली तर घसरते, आता माळणंच सोडलं." माझी आजी काय करायची सांगते. तिचेही केस असेच. ती बाजारातली लांब फाती कधीच घ्यायची नाही, परसातली अबोली काढून स्वतःच वीतभर गुंफायची. अंबाडा बांधून झाल्यावर माळायची नाही. आधी फाती भोवती ठेवून वरून केसांचा शेवटचा पेड फिरवायची आणि दोन आकडे एकमेकांवर फुलीसारखे खोवायची. अबोली वजनाला हलकी, दिवसभर हलायची नाही. सुरंगी असेल तर चारच फुलं.

ज्यांना दाखवायचं आहे त्यांनी यावं, किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचारोग विभागात जावं. येताना आदल्या दिवशी केस धुऊ नका आणि तेल लावू नका, नाहीतर हलक्या हाताने केस ओढून बघतो त्याचा अंदाज चुकतो. चालू गोळ्यांची पाकिटं आणा. चार-पाच वर्षांपूर्वीचा भांग दिसेल असा एखादा फोटो आणा. गेल्या सहा महिन्यांत ताप, बाळंतपण, काही दुःख झालं असेल तर तारीख आठवून या. आणि पुड्या बांधून गुंतवळ आणलीत तरी चालेल. आपण दोघी मिळून मोजू.