यादीतलं नाव आणि वाडीतला माणूस

मतदान झालं की दुसऱ्या दिवशी टक्केवारीची बातमी येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गचा किंवा रायगडचा आकडा साठीच्या आसपास थांबला की लगेच कोणीतरी म्हणतं, कोकणातला माणूस मतदानाबाबत उदासीन आहे. मी राज्यशास्त्र शिकवत आले आणि हे वाक्य सतत ऐकत आले. आज मी त्याच्याविरुद्ध बोलणार आहे, कारण त्यात आपल्या माणसांवर अन्याय आहे असं मला वाटतं.

टक्का म्हणजे भागाकार. वर मतं दिलेली माणसं, खाली यादीतली नावं. वरच्या आकड्याबद्दल सगळे बोलतात, खालच्याकडे कोणी बघत नाही. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजार होती, 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजार झाली. सिंधुदुर्गही घटला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र 16 टक्क्यांनी वाढला. माणसं गेली, पण त्यांची नावं गेली का? तुमच्याच वाडीची यादी डोळ्यांसमोर आणा. कुलूप लावलेली घरं किती, आणि त्या घरांतली यादीत असलेली नावं किती?

2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. घरात राहिलं कोण, ते या आकड्यातून दिसतं. मतदानादिवशी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर जी रांग लागते, तिच्यात सासवा, सुना आणि म्हातारी माणसं दिसतात. मुंबईला असलेल्या मुलाचं नाव यादीच्या त्याच पानावर असतं आणि मत दिल्याची खूण त्याच्यावर संध्याकाळपर्यंत होत नाही. त्या राहून गेलेल्या खुणेला आपण उदासीनता म्हणतो.

कायदा काय म्हणतो? 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणसाने सर्वसाधारणपणे राहतो तिथे नाव नोंदवायचं, आणि एकाच ठिकाणी. गावात घर आहे एवढ्यावर तो तिथला रहिवासी ठरत नाही. पण तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जातही नाही. आता विरारला पंधरा-वीस वर्षं राहणारा, गणपतीला आणि शिमग्याला न चुकता येणारा आपला चाकरमानी तात्पुरता बाहेर आहे की कायमचा? कायद्याच्या दृष्टीने उत्तर अवघड नाही, तो विरारचा. पण त्याला विचारा. सातबारावर नाव आहे, भावकीत हिस्सा आहे, देवळात मान आहे. यादीतून नाव काढलं तर हे सगळंच सैल होईल, अशी भीती त्याच्या मनात असते. कायदेशीरदृष्ट्या मतदार यादीचा जमिनीच्या हक्काशी काही संबंध नाही. तरी ती भीती खोटी नाही, कारण गावाशी असलेलं नातं कागदावर दाखवायला त्याच्याकडे फार थोड्या गोष्टी उरलेल्या असतात.

यातून काय होतं ते 2024 मध्ये स्पष्ट दिसलं. लोकसभेला आपल्याकडे 7 मे रोजी मतदान झालं, मुंबई-ठाण्यात 20 मे रोजी. मे महिना, शाळांना सुट्टी, आंबे-फणसाचे दिवस. ज्यांची नावं मुंबईत होती त्यांतली कितीतरी कुटुंबं 20 तारखेला इथे गावात होती. मग विधानसभा आली. 15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि 20 नोव्हेंबरला, बुधवारी, सगळीकडे एकाच दिवशी मतदान. गणपती झालेले, दिवाळी होऊन गेलेली, रजा संपलेली. कायद्याने पगारी सुट्टी मिळते ती मतदानाच्या दिवसाची. मुंबईहून सावंतवाडीपर्यंत एक रात्र जायला, एक रात्र यायला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर. रेल्वेचं आरक्षण आयत्या वेळी मिळत नाही, हे इथल्या कोणाला सांगायला नको. रोजंदारीवरच्या माणसाने हा खर्च का सोसावा?

अँथनी डाऊन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1957 मध्ये हाच हिशेब मांडला होता. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य, खर्च मात्र खरा. मग शहाण्या माणसाने घरी बसावं. तरी कोट्यवधी लोक मत देतात. पुढे रायकर आणि ऑर्डेशूक या अभ्यासकांनी 1968 मध्ये त्या हिशेबात कर्तव्यभावना मिळवली. माणसाला मत देण्यातच समाधान असतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे अर्धंच पटतं. कर्तव्यभावना सगळ्यांच्याच मनात असते. ती पायात उतरते कधी, हा प्रश्न आहे.

त्याचं चांगलं उत्तर 2006 मध्ये मिशिगनमध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मिळतं. काही घरांना पत्रं पाठवली: तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही, ते त्यात लिहिलेलं, आणि या वेळचंही कळवू असं सांगितलेलं. ज्यांना कुठलंच पत्र गेलं नाही त्यांच्यात 29.7 टक्के मतदान झालं, ही पत्रं मिळालेल्यांत 37.8 टक्के. एका पत्राने आठ टक्के! शेजारी बघतोय एवढ्या जाणिवेने माणूस घराबाहेर पडतो.

आपल्या वाडीत असं पत्र पाठवावं लागत नाही. दुपारी दोननंतर कोणीतरी यादी घेऊन फिरतो आणि खळ्यातून हाक मारतो, "काकी, अजून नाय गेलंव? चला, गाडी आसा." त्या हाकेत पक्षाचा स्वार्थ असेल, पण काकी उठते ती हाक ओळखीची असते म्हणून. (मतदारांना फुकट नेण्यासाठी उमेदवाराने गाडी भाड्याने घेणं लोकसभा-विधानसभेला कायद्याने भ्रष्ट आचार ठरतं, हेही सांगून ठेवते. गाडी शेजाऱ्याने शेजारधर्म म्हणून काढावी.) ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात, ती का येतात? सरपंचपदाचं महत्त्व आहेच. पण तिथे प्रत्येक नाव कोणाच्या तरी ओळखीचं असतं, फोन नेमका त्याच माणसाला जातो, आणि न आल्यास पुढच्या गणपतीत विचारणा होते. विरारच्या इमारतीत त्याला असं कोणी विचारत नाही. म्हणून गावात नाव असलेला येऊ शकत नाही आणि मुंबईत नाव असलेल्याला कोणी हाक मारत नाही. आपल्या चाकरमान्यांचं मत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हरवतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मत कोणाला द्यायचं, हेही असंच माणसांतून ठरतं. राजापूर मतदारसंघाने आधी नाथ पै यांना आणि 1971 पासून सलग पाच वेळा मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवलं. कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांनी आयुष्य झिजवलं. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि 1991 मध्ये दंडवते हरले. केलेल्या कामाची कृतज्ञता लोकांच्या मनात नव्हती, असं मी म्हणणार नाही. पण मताला कृतज्ञता एकटी पुरत नाही. 1996 मध्ये त्याच राजापूरने शिवसेनेच्या सुरेश प्रभूंना निवडलं. तोवर मुंबईतल्या शाखेत वावरणारा मुलगा, भाऊ, पुतण्या सुट्टीत घरी येऊन बोलत होता आणि घर त्याचं ऐकत होतं. पैसे पाठवणाऱ्याच्या शब्दाला घरात वजन असतं. म्हणजे मुंबईचा माणूस स्वतः मत द्यायला आला नाही तरी गावचं मत त्याच्याकडून वळत होतं. ज्या बायका रांगेत उभ्या होत्या त्यांचं मत त्यांचं स्वतःचं किती, हा प्रश्न मी विद्यार्थिनींना नेहमी विचारते. आताच्या मुली त्याचं उत्तर वेगळं देतात, आणि बचत गटाच्या बैठकांना त्याचं बरंच श्रेय आहे, असं माझं मत आहे.

एका मताने काय होतं, असं विचारणाऱ्यांना 2014 चं रायगड आठवायला सांगते. 15 लाखांहून अधिक मतदार, आणि अनंत गीते सुनील तटकरेंविरुद्ध निवडून आले 2,110 मतांनी. तटकरेंच्याच नावाचा एक अपक्षही रिंगणात होता आणि त्याला या फरकापेक्षा कितीतरी जास्त मतं पडली. घाईत बटण दाबणं काय करू शकतं, ते यात आलं.

बहिष्काराबद्दल थोडं बोलते, कारण रस्ता नाही, पाणी नाही म्हणून आपल्या वाड्या तसे ठराव करतात. त्यांचा राग खरा असतो. पण मतमोजणीत बहिष्कार टाकलेला आणि झोपून राहिलेला यांत फरक दिसत नाही. 2013 पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. त्याने निकाल बदलत नसला तरी निदान तो राग मोजला जातो. नाणारची आठवण करा. लोकसभेच्या तोंडावर, मार्च 2019 मध्ये, सरकारने गावांचा विरोध असलेल्या तिथल्या रिफायनरीची अधिसूचना रद्द केल्याचं जाहीर केलं. ती गावं घरी बसतील अशी भीती कोणाला नव्हती. ती एकजुटीने मत देतील, ही भीती होती.

घर सोडून दुसरीकडे राहणाऱ्यांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. एका यंत्रावर 72 मतदारसंघांची सोय होणार होती. राजकीय पक्षांनी शंका काढल्या आणि पुढे ते यंत्र निवडणुकीत आलं नाही. शंका रास्त असतील, पण देशभरातल्या चाकरमान्यांचा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला आहे.

तोवर आपल्या हातात आहे ती यादी. प्रारूप यादी जाहीर झाली की ग्रामसभेत तिचं वाचन व्हायला हवं. ते मागून घ्या, आणि मोठ्याने वाचायला लावा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरीच असेल तर आठ नंबरचा अर्ज भरा. अठरा पूर्ण झालेल्या मुलीसाठी सहा नंबरचा. अठरा पूर्ण झाली का हे मोजायला आता वर्षात चार तारखा मिळतात, जानेवारीची वाट बघावी लागत नाही. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजीला 2024 प्रमाणे घरी मत देता येईल का, ते निवडणूक जाहीर होताच विचारा, कारण त्या अर्जाची मुदत अगदी थोडी असते. आणि मुंबईतल्या मुलाला फोन करून स्वच्छ विचारा: तुझं नाव इथे ठेवायचं की तिथे? तिथे म्हणाला तर नाव हलवायला त्याला मदत करा, आणि तिथल्या मतदानादिवशी सकाळी गावाहून त्याला फोन करा.