बँकेत वर चढायला डिग्री लागतेच का?

सकाळचे साडेनऊ. शटर अर्धंच वर गेलंय, फरशी अजून ओली आहे आणि आतल्या खोलीत दफ्तरी, म्हणजे बँकेची कागदपत्रं बांधून ठेवणारा माणूस, व्हाउचरं शिवतोय. आधी दाभण, मग दोरा, गाठ, वर तारखेची चिठ्ठी. बऱ्याच शाखांत हे काम आता उरलेलं नाही, इथे दिसलं म्हणून कॅमेरा जरा जास्तच वेळ रेंगाळला.

स्टेट बँकेत झाडलोटीपासून वरच्या अधिकारी पदापर्यंत पोहोचलेल्या प्रतीक्षा तोंडवळकरांचे पहिले पती याच बँकेत बुक बायंडिंगचंच काम करायचे. ते गेले तेव्हा त्या विशीच्या, पदरात लहान मूल, दहावीही झालेली नाही. बँकेत काम मिळालं ते झाडलोटीचं, महिन्याला ६०-६५ रुपये.

हे विक्रोळी. त्या इथल्याच रात्रकॉलेजात शिकल्या. आणि हा आजचा रात्रशाळेचा वर्ग बघा, बाकं पोरांच्या मापाची आणि बसलेत कुरियरवाले, हॉटेलात राबणारे, घरकाम उरकून आलेल्या बायका, गुडघे बाकात मावत नाहीत, कुणाला जांभई आवरत नाही पण वही उघडी आहे. ताईंना बँकेतल्या लोकांनी पुस्तकं दिली, अभ्यासाला मदत केली. दहावी, बारावी आणि १९९५ ला सायकॉलॉजी घेऊन ग्रॅज्युएशन.

आता बँकेच्या आतली गंमत. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षा घेते इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स, १९२८ पासूनची संस्था, ऑफिस कुर्ल्याला. जेएआयआयबीला बँकेतला बारावी पास कर्मचारीही बसतो, डिग्री कोणी विचारत नाही. पेपरला ५० मार्क काढा, पास झालात की पगारात इन्क्रिमेंट, आणि प्रमोशनलाही ते कामी येतं. म्हणजे आत शिरलेल्याला वाट आहे, डिग्री असेल तर ती जवळची होते एवढंच. अडतं ते दारात, कारण सरकारी बँकांच्या भरतीची आयबीपीएसची क्लार्कची परीक्षा द्यायची तरी ग्रॅज्युएट लागतो. म्हणून आम्ही म्हणतो डिग्रीवर वाद घालत बसण्यापेक्षा रात्रशाळांना शिक्षक द्या, चांगले दिवे द्या, शेवटची लोकल मिळेल असं टाइमटेबल द्या.

ताई २००४ ला ट्रेनी ऑफिसर झाल्या, २०२२ ला असिस्टंट जनरल मॅनेजर.

आणि ही सकाळची फरशी पुसणारी बाई? ती कंत्राटदाराची माणूस, बँकेच्या हजेरीपटावर नाहीच, त्यामुळे बँकेतलं प्रमोशन तिला लागू होत नाही.