ग्रोव्हटनचा कामगार आणि अमेरिकेतलं सांस्कृतिक युद्ध

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत निवडणूक तोंडावर आली की तेच ते विषय आपल्याही कानावर येऊ लागतात. गर्भपात, समलिंगी विवाह, शाळेच्या ग्रंथालयात कोणती पुस्तकं ठेवायची, देवाधर्माला सरकारी शाळेत जागा असावी की नसावी. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं, भाचे, पुतणे तिकडे स्थायिक झाले आहेत, त्यामुळे ही भांडणं आता परकी राहिलेली नाहीत. ती इतकी कडवट कशी झाली, हे समजून घ्यायचं तर १९९२ सालचं एक भाषण नीट ऐकायला हवं. त्यातला जो भाग जगाने ऐकला तो, आणि जो कुणीच ऐकला नाही तोही.

तारीख १७ ऑगस्ट. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात, ॲस्ट्रोडोम या प्रचंड बंदिस्त स्टेडियमात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश पुन्हा उभे होते. आखाती युद्ध जिंकल्यानंतर ८९ टक्के लोक त्यांच्या कामावर खूश असल्याचं गॅलपच्या पाहणीत दिसलं होतं. पण दीड वर्षात चित्र पालटलं. बेकारी पावणेआठ टक्क्यांवर गेली. ‘नवे कर लावणार नाही’ असा दिलेला शब्दही बुश यांनी मोडला होता. पक्षातूनच त्यांच्याविरुद्ध दंड थोपटले ते पॅट ब्यूकॅनन यांनी. एके काळी निक्सन यांची भाषणं लिहिणारे, पुढे टीव्हीवरच्या वादांत नाव कमावलेले हे गृहस्थ. न्यू हॅम्पशर राज्याच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात ३७ टक्के मतं घेतली. अशा माणसाला दुखवून चालणार नव्हतं. अधिवेशनाच्या पहिल्याच रात्री त्यांना व्यासपीठ मिळालं.

ब्यूकॅनन म्हणाले, या देशात धर्मयुद्ध चालू आहे, हे सांस्कृतिक युद्ध शीतयुद्धाइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते अमेरिकेच्या आत्म्यासाठी आहे. या युद्धात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बिल क्लिंटन आणि त्यांच्या पत्नी पलीकडच्या बाजूला आहेत आणि बुश आपल्या बाजूला. सभागृह दणाणून गेलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत हेच होतं, आणि आजही त्या भाषणाचा उल्लेख होतो तो याच वाक्यांसाठी.

पण त्याच भाषणात आणखी एक माणूस होता. उत्तर न्यू हॅम्पशरमध्ये ग्रोव्हटन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कागद गिरणीत ब्यूकॅनन प्रचाराला गेले होते. ऐन नाताळात कामगारांच्या डोक्यावर नोकरी जाण्याची टांगती तलवार होती. रांगेतल्या एकेकाशी ते हात मिळवत पुढे गेले, कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी त्यांच्याच वयाच्या एका रांगड्या कामगाराने वर पाहिलं आणि एवढंच म्हटलं, ‘आमच्या नोकऱ्या वाचवा.’ हे ब्यूकॅनननी स्वतः त्या रात्री सांगितलं, आणि या लोकांचे हाल आपल्याला कळतात हे त्यांना दिसलं पाहिजे, असंही बजावलं. माझ्या मते त्या भाषणातलं सगळ्यात खरं वाक्य त्या कामगाराचं होतं. युद्धाच्या आरोळीत ते विरून गेलं.

दोनच दिवसांनी त्याच व्यासपीठावर मेरी फिशर उभ्या राहिल्या. पक्षासाठी मोठा निधी उभारणाऱ्या घराण्यातल्या, दोन लहान मुलांची आई, आणि एचआयव्हीबाधित. लागण नवऱ्याकडून झालेली. त्या म्हणाल्या की घरच्यांनी झिडकारलेल्या एकाकी समलिंगी पुरुषाशी मी एकरूप आहे. दोन रात्रींपूर्वी समलिंगींच्या हक्कांचं नाव निघताच ज्या सभागृहाने हुर्यो केली होती, तेच सभागृह आता स्तब्ध बसून ऐकत होतं. माणूस तोच असतो, त्याला काय ऐकवलं जातं यावर बरंच अवलंबून असतं. म्हणूनच नेत्यांवरचा माझा राग मतदारांवरच्या रागापेक्षा कितीतरी मोठा आहे.

नोव्हेंबरात बुश हरले. क्लिंटन यांना ४३ टक्के मतं मिळाली, बुश यांना ३७. नोकऱ्या मेक्सिकोला चालल्या आहेत असं कानीकपाळी ओरडणारे अपक्ष रॉस पेरो जवळपास १९ टक्के घेऊन गेले. आता तरी गिरणीतल्या माणसाची दखल घेतली जाईल, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात बुश सरकारने वाटाघाटी केलेला नाफ्टा, म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार, क्लिंटन यांनी १९९३ मध्ये काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, मंजूर करून घेतला. प्रतिनिधिगृहात त्याच्या बाजूने २३४ मतं पडली, त्यातली १३२ रिपब्लिकनांची होती. गर्भपातावरून एकमेकांचं तोंड न पाहणारे इथे मात्र हातात हात घालून उभे होते.

मग भांडायला उरलं काय? घर, देव, लग्न, झेंडा. २००४ साली नोव्हेंबरच्या एकाच दिवशी ११ राज्यांत समलिंगी विवाहावर बंदी घालण्यासाठी मतदान झालं आणि अकराही ठिकाणी बंदी मंजूर झाली. याचा झिरपा घरात कुठवर गेला पाहा. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल, असं म्हणणारे १९६० मध्ये शंभरात जेमतेम पाच होते. २०१० च्या पाहणीत रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश तसं म्हणाले. जातीबाहेरच्या लग्नावरून नाती तुटलेली आपण पाहिली आहेत. पक्षावरून ती तुटावीत हे मला फार भयंकर वाटतं.

ग्रोव्हटनची गिरणी २००७ च्या अखेरीस कायमची बंद पडली. तो भाग ज्या कोऑस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतो, तिने २०१२ मध्ये डेमोक्रॅट ओबामांना मत दिलं आणि २०१६ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांना. त्या चार वर्षांत तिथल्या लोकांचा धर्म बदलला नव्हता, की चालीरीती.

हे प्रश्न खोटे आहेत असं मी म्हणत नाही. गर्भपाताला मनापासून पाप मानणारी आई आणि तो आपला हक्क मानणारी तिची मुलगी, दोघी प्रामाणिक असतात. पण प्रश्न सरळ लोकांपुढे ठेवला की युद्धाच्या रेषा पुसट होतात. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. दीड महिन्याच्या आत कॅन्सासमध्ये, राज्याच्या घटनेतलं संरक्षणही काढावं का, यावर मतदान झालं. याच कॅन्सासने २०२० मध्ये ट्रम्प यांना ५६ टक्के मतं दिली होती. सुमारे ५९ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. आणि त्याच नोव्हेंबरात, एकाच मतपत्रिकेवर, त्यांनी डेमोक्रॅट लॉरा केली यांना पुन्हा गव्हर्नर केलं आणि रिपब्लिकन जेरी मोरन यांना पुन्हा सिनेटवर पाठवलं.

नमस्कार.