सागरमाळावरची गेलेली माणसं

(दृश्य : कोल्हापूरच्या सागरमाळावरचं शिवाजी विद्यापीठ. ग्रंथालयाची दर्शनी पाटी. आत जाणारी मुलंमुली.)

पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, डोक्यात स्पर्धा परीक्षेचं वेळापत्रक. ही मुलं ज्या दारातून आत जातात, त्या दारावर एक नाव आहे : बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. अर्जावर, ओळखपत्रावर, पुस्तकाच्या शिक्क्यावर हे नाव रोज येतं. इतकं रोज, की तो एक पत्ताच होऊन गेला आहे. म्हणून आधी या माणसाची गोष्ट सांगायला हवी.

खर्डेकर सर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा एक मुलगा तेव्हा या कॉलेजात शिकत होता. कॉलेजच्या क्रीडास्पर्धा आल्या. मुलाची अंगकाठी लहान, म्हणून क्रीडाशिक्षकांनी कुस्तीसाठी त्याचं नाव घेतलं नाही. मुलगा थेट प्राचार्यांच्या खोलीत गेला. खर्डेकर सरांनी त्याला उतरू दिलं, आणि त्याने आपल्याहून दणकट पोरांना चीतपट केलं. तो खाशाबा जाधव.

१९४८ला लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये खाशाबा पहिल्यांदा मॅटवर खेळले आणि सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या मल्लासाठी ती कामगिरी मोठीच होती. पुढचं ऑलिम्पिक १९५२ला हेलसिंकीत. जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी गोळा होत होती, तरी पुरत नव्हती. तेव्हा खर्डेकर सरांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले.

सात हजार, १९५२ साली. प्राचार्य झाला तरी तो नोकरदार माणूस. मुलगा हरून आला असता तर? कागदावर सही करताना हा विचार त्यांच्या मनात आलाच नसेल, असं मला वाटत नाही.

खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशांतून सरांचं घर सोडवलं, असं कोल्हापुरात आजही सांगतात. १९५५ला ते पोलीस खात्यात गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

ही गोष्ट इतकी वर्षं का टिकली? तिच्यात घर आहे, रक्कम आहे, एका मुलाने ठोठावलेलं दार आहे. खर्डेकर सर ‘विद्यार्थीप्रिय’ होते, एवढंच कुणी लिहून ठेवलं असतं, तर आज आपल्या हाती काहीच उरलं नसतं. शोकसभेत आपण मनमिळाऊ, शिस्तप्रिय, निगर्वी असे शब्द बोलतो. ते खोटे नसतात. पण ते कुणालाही लागू पडतात. गेलेल्या माणसाने काय केलं हे सांगितलं, तरच तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

(दृश्य : राजाराम कॉलेज. जुनी छायाचित्रं.)

राजाराम कॉलेजचं नावच एका अकाली गेलेल्या तरुणाचं आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबर १८७०ला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं विशीचं. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या स्मारकाची छत्री आजही तिथे आहे. इकडे १८८०ला कॉलेज सुरू झालं. गोपाळ कृष्ण गोखले याच कॉलेजात शिकले. फार्सीचे प्राध्यापक म्हणून माधव जूलियन इथे आले. मराठी छंदांवर अफाट मेहनत करणारा हा कवी १९३९ला गेला.

आणि डॉ. बाळकृष्ण. मूळचे मुलतानचे, पंजाबी. १९२२ला प्राचार्य म्हणून कोल्हापुरात आले आणि १९४०ला मरेपर्यंत इथलेच राहिले. डच आणि इंग्रज वखारींची कागदपत्रं चाळून त्यांनी शिवछत्रपतींचं चार खंडांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. शिवरायांच्या नावाचं विद्यापीठ कोल्हापुरात व्हावं, ही कल्पना आधी त्यांनी मांडली. ते गेले, त्यानंतर २२ वर्षांनी विद्यापीठ झालं.

(दृश्य : मुख्य इमारत, अश्वारूढ पुतळा. मागे हिरवा माळ.)

१८ नोव्हेंबर १९६२. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. ३४ महाविद्यालयं, सुमारे १४ हजार विद्यार्थी आणि शहराबाहेरचा उघडा सागरमाळ. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. इतिहासाचा माणूस. महाराणी ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं त्यांनी संपादित केली, आणि तोच माणूस ८५३ एकरांच्या माळरानावर कुठे इमारत, कुठे रस्ता, पाणी कुठून, हे पाहत फिरायचा. १३ वर्षं ते कुलगुरू होते. खेड्यातून आलेल्या गरीब मुलाने दिवसातले काही तास विद्यापीठात काम करावं, राहण्या-जेवणाची चिंता सोडावी आणि शिकावं, ही ‘कमवा आणि शिका’ योजना त्यांनी इथे रुजवली. तिथून शिकून गेलेले अनेक जण पुढे प्राध्यापक झाले, अधिकारी झाले. त्यांतलेही काही आता हयात नाहीत.

आप्पासाहेबांच्या नावाच्या पाट्या आहेत. पण माळावर खड्डे काढून, लांबून पाणी आणून झाडं जगवली, त्या माळ्यांचं काय? आज या आवारात मोर फिरतात. मोरांचा फोटो सगळे काढतात, झाडं लावणाऱ्यांचा फोटो शोधायला गेलं की हाती काही लागत नाही.

परीक्षा विभागाचंच घ्या. संगणक येण्याआधी निकाल हाताने तयार व्हायचा. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, भलीमोठी लेजर, उभी-आडवी बेरीज, पुन्हा पडताळणी. चंदगडच्या किंवा जतच्या पोराच्या गुणपत्रकात एक आकडा चुकला, तर त्याचं वर्ष जायचं. ते जाऊ नये म्हणून रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसलेले कारकून होते. प्रयोगशाळेत काचेची भांडी जपणारे मदतनीस होते, मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या मावशी होत्या, वसतिगृहाच्या फाटकावर बसणारे मामा होते. घरून मनिऑर्डर आली नाही हे मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखणारी ही माणसं. पदवी घेतलेल्या माणसाला वीस वर्षांनी विचारा. विषय विसरलेला असतो, मामा आठवतात.

(दृश्य : पंचगंगा घाट, सकाळ.)

मेलेल्या माणसाचा मान कसा राखावा, हे या शहराला शिकवावं लागत नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते. होळी आली की लोक होळी लहान करतात आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान देतात, कुणाच्या तरी अनोळखी चितेसाठी. मला कोल्हापूरबद्दल जे अभिमान वाटतात, त्यांत हा सगळ्यात वरचा.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडं असा परिवार आहे. रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता. मागे कोण राहिलं ते कळतं. गेलेला माणूस तीस वर्षं कुठल्या टेबलावर बसला, कुठल्या वर्गात शिकवत होता, हे त्या चार ओळींत मावत नाही.

२०२० आणि २०२१ला तर तेवढंही नीट झालं नाही. कोरोनाच्या लाटांत किती तरी निवृत्त प्राध्यापक, कर्मचारी, माजी विद्यार्थी गेले. अंत्यविधीला वीसच माणसं. हॉल बंद, विभाग बंद, शोकसभा नाही. बातमी मोबाईलवर आली, खाली हात जोडलेली चित्रं पडली आणि दुसऱ्या बातमीखाली ती गेली. त्यांच्याबद्दल बोलायचं राहिलं आहे. ते आता बोलता येईल. उशीर झाला आहे, पण त्यांच्यासोबत काम केलेली माणसं अजून आहेत.

(दृश्य : निरोप समारंभाचा जुना समूहफोटो. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो.)

प्रत्येक विभागात, प्रत्येक घरात असा एक फोटो असतो. खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे विद्यार्थी, कडेला उभे शिपाई आणि माळी. पुढच्या रांगेची नावं बहुधा खाली छापलेली असतात. मागच्या आणि कडेच्यांची नसतात. विभागातला सगळ्यात जुना माणूस गाठा. निवृत्त असेल तर घरी जा, उजळाईवाडीला, राजारामपुरीत, गावाकडे, कुठे असेल तिथे. फोटो पुढे ठेवा आणि बोट ठेवून विचारा. हे कोण? काय काम करायचे? कुठल्या गावचे? त्यांची एखादी गोष्ट सांगा.

ते बोलत असताना मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करा. जमलं तर गेलेल्या माणसाच्या मुलांना ती ऐकवा. आपला बाप घरात जसा होता तेवढाच त्यांना माहीत असतो. कामावर तो कसा होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. डावीकडून उजवीकडे, पूर्ण नाव, गाव, काम. टोपणनावाने ओळखत असतील तर तेही. साल आठवत नसेल, तर त्या वेळी कुलगुरू कोण होते, तेवढं तरी लिहा. साल त्यावरून काढता येतं.