हाऊसगल्लीतला केर

दोन चाळींच्या मधला अंधारा बोळ असतो ना, ती हाऊसगल्ली. गिरगावात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, नुसता वास आठवला तरी पुरे. मुळात ही सोडलेली सफाई कामगाराला मागच्या बाजूने संडासापर्यंत जाता यावं म्हणून, पण आम्ही तिचं काय केलं ते ऐका.

पन्नास-साठच्या दशकात घरात केर निघायचाच कितीसा? रद्दी वजनावर जायची, बाटल्या डब्बाबाटलीवाल्याला, जुनी लुगडी बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं आणि त्यावर अर्धा तास घासाघीस, शेगडीची राख भांड्यांना, नारळाची शेंडीपण त्यालाच, करवंटी बंबात, वाण्याच्या पुडीचा दोरासुद्धा आई रिळाला गुंडाळून ठेवायची. आरेच्या दुधाची बाटली परत द्यायची असायची, तिची चंदेरी टोपणं मात्र आम्ही पोरं ढापायचो. प्लास्टिकची पिशवी कोणाला माहीत!

म्हणून आमच्या वयाची मंडळी आता 'आमच्या वेळी किती स्वच्छता' असं फॉरवर्ड करतात तेव्हा हसू येतं. अहो, उरलेलं सगळं, माशाची खवलं, चहाचा चोथा, भाजीची देठं, सरळ खिडकीतून खाली. कोपऱ्यावर म्युनिसिपालटीची पेटी होती की, पण तीन जिने उतरणार कोण?

तिथून पुढे हा केर चक्क आगगाडीने जायचा, महालक्ष्मीच्या सायडिंगवरून चेंबूरकडे. कुर्ला-चेंबूर रूळ १९०६ साली टाकले ते केरासाठीच, पॅसेंजर गाडी आली १९२४ ला, म्हणजे माणसांच्या आधी अठरा वर्षं आपला केर तिकडे पोचला. तिकडचंच देवनारचं डम्पिंग, म्हणजे केर ओतायचं मैदान, १९२७ चं.

गल्लीत सकाळी एकजण पाटी-खराटा घेऊन शिरायचा, वरून कोणी काही टाकू नये म्हणून ओरडत ओरडत. एकदा आमची पितळी वाटी केराबरोबर खाली गेली. त्याने ती शोधली, खालच्या नळावर धुतली, तीन जिने चढून आला आणि उंबऱ्याबाहेर ठेवून गेला. आजीने ती चिंचेने तीनदा घासली, निखाऱ्यावर धरली, मग कुठे मांडणीवर ठेवली. मी गॅलरीतून वाकून बघितलं तर तो शेजारच्या चाळीच्या गल्लीत शिरलेला, नुसता आवाज येत होता.