किंमत बॅटरीची, हिशेब पाळ्यांचा

(दृश्य: चाकण–शिक्रापूर रस्ता. पत्र्याच्या छताची लांबच लांब गोदामे, दारांशी लागलेले कंटेनर.)

चाकण, तळेगाव, शिक्रापूर, रांजणगाव या पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या मागोमाग गोदामेही वाढत गेली. कंटेनरमधून उतरणारे प्रत्येक पॅलेट इथे कोणत्या ना कोणत्या फोर्कलिफ्टच्या काट्यांवर चढते, आणि बंद छताखाली, विशेषतः खाद्यपदार्थ किंवा औषधे ठेवलेल्या जागेत, डिझेलचा धूर चालत नसल्यामुळे ही फोर्कलिफ्ट बहुधा विजेवर चालणारी असते. गाडी निवडणे तुलनेने सोपे आहे. किती वजन उचलायचे, किती उंचीवर ठेवायचे आणि दोन रॅकमधली वाट किती रुंद आहे, एवढे ठरले की बराचसा प्रश्न सुटतो. खरा खल होतो तो बॅटरीवर. कोटेशनमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी येतात: लेड-ॲसिडचा लहान, लिथियमचा त्याच्या दुपटीहून मोठा. हा फरक खरा आहे; मात्र तो महाग आहे की स्वस्त, हे गोदाम दिवसातून किती पाळ्या चालते हे विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

(दृश्य: चार्जिंगची खोली. उघडलेल्या बॅटरीवरील सेलची झाकणे.)

लेड-ॲसिड बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली तयार केली, आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे: शिसे, शिशाचे डायऑक्साइड आणि त्यांच्यामध्ये पाण्यात मिसळलेले सल्फ्युरिक ॲसिड. एका सेलचा दाब दोन व्होल्ट असल्यामुळे ४८ व्होल्टच्या गाडीत २४ सेल, तर ८० व्होल्टच्या गाडीत ४० सेल एका पोलादी पेटीत ओळीने बसवलेले असतात. फोर्कलिफ्टसाठीच्या सेलची धन प्लेट ट्युब्युलर, म्हणजे नळ्यांची बनवलेली असते. रोज जवळजवळ रिकामी होणारी आणि रोज पुन्हा भरली जाणारी बॅटरी टिकते ती या नळ्यांच्या जोरावर.

या बॅटरीची देखभाल जवळून पाहण्यासारखी आहे. चार्जिंग पूर्ण झाल्यावर कामगार एकेक झाकण उघडतो, हायड्रोमीटरच्या काचेच्या नळीत थोडे ॲसिड ओढून घेतो आणि आतला फ्लोट किती वर तरंगतो ते पाहतो. सेल पूर्ण भरलेला असेल तर ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, १.२८ च्या आसपास येते; रिकामा होत आलेला असेल तर ती १.१५ च्या जवळ उतरते. चोवीसांपैकी एखादाच सेल मागे राहिलेला दिसला, तर त्याचा आकडा वहीत वेगळा लिहिला जातो, कारण पुढच्या काही महिन्यांत तोच सेल सबंध बॅटरीला मागे खेचणार असतो. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर भरले जाते. ते चार्जिंगच्या आधी नव्हे, नंतरच भरायचे असते. कारण चार्ज होताना द्रवाची पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेल्या सेलमधून ॲसिड बाहेर येते. ज्या गोदामात हा क्रम पाळला जात नाही, तिथे चार्जिंगच्या जागेखालची काँक्रीटची जमीन खडबडीत आणि पांढुरकी झालेली असते. देखभालीचा दर्जा जोखण्यासाठी वही पाहण्याआधी जमीन पाहावी, असे आमचे मत झाले आहे.

चार्ज होण्यास सुमारे आठ तास लागतात आणि नंतर थंड होण्यासाठी तेवढाच वेळ द्यावा, असा या धंद्यातला जुना दंडक आहे: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास विश्रांती. चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यात हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून हवा खेळती असलेली वेगळी जागा, पंखे, डोळे धुण्याची सोय आणि सांडलेले ॲसिड शमवण्यासाठी खाण्याच्या सोड्याचा डबा, हे सारे बॅटरीबरोबर आपोआप आले. गोदामात जागेचे भाडे चौरस फुटावर मोजले जाते, तरी ही खोली बॅटरीच्या कोटेशनमध्ये कधीच दिसत नाही.

ठरावीक काळाने, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा, या बॅटरीला इक्वलायझिंग चार्ज द्यावा लागतो. मंद गतीने जादा वेळ चालणाऱ्या या चार्जिंगमुळे सर्व सेल एका पातळीवर येतात आणि प्लेटांवर साचू पाहणारे सल्फेट विरघळते. त्यासाठी सुट्टीचा दिवस सोयीचा, असे कोणीही म्हणेल. परंतु पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या भागांत औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते आणि वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी पुरवठाही बहुधा गुरुवारीच बंद ठेवला जातो. त्यामुळे जाणते पर्यवेक्षक हा चार्ज बुधवारच्या रात्रीच लावून मोकळे होतात.

(दृश्य: दुपारची जेवणाची सुट्टी. गाडी भिंतीजवळ उभी. ऑपरेटर बॅटरी न काढताच चार्जरचा प्लग जोडतो.)

लिथियम-आयन हे एका रसायनाचे नव्हे, एका कुळाचे नाव आहे. फोर्कलिफ्टमध्ये आज प्रामुख्याने त्यातील लिथियम लोह फॉस्फेट, म्हणजे बाजाराच्या भाषेत एलएफपी, वापरले जाते. जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठात केलेले यावरील संशोधन १९९७ साली प्रसिद्ध झाले. लिथियम बॅटरीच्या विकासासाठी गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा हे रसायन वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवते, पण उष्णतेत अधिक स्थिर राहते. मोटारीत वजन वाचवणे महत्त्वाचे असते. फोर्कलिफ्टला तर मालाचा तोल राखण्यासाठी वजन हवेच असते, म्हणून इथे एलएफपीचा हा उणेपणा अडचणीचा ठरत नाही.

या बॅटरीला पाणी लागत नाही, तिच्यातून हायड्रोजन निघत नाही आणि थंड होण्यासाठी तिला थांबावे लागत नाही. ६०० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ३०० अँपिअरने चार्ज केली, तर अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा पाव भाग भरतो. असे तुकड्यातुकड्यांनी केलेले चार्जिंग लेड-ॲसिडचे आयुष्य कमी करते, तर एलएफपीला ते मानवते. प्रत्येक सेलचा दाब आणि तापमान यांवर बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, सतत लक्ष ठेवते आणि मर्यादा ओलांडली की प्रवाह तोडते. थोडक्यात, हायड्रोमीटर घेऊन फिरणाऱ्या माणसाचे बरेचसे काम ही यंत्रणा करते. तिची किंमत आपण आधीच मोजलेली असते.

(दृश्य: गोदामातील कार्यालय. टेबलावर कोटेशन आणि कॅल्क्युलेटर.)

आता हिशेब मांडू. ४८ व्होल्ट आणि ६०० अँपिअर-तास म्हणजे २८.८ युनिट ऊर्जा. तिचा ८० टक्के वापर धरला, तर दर चार्जमागे गाडीला सुमारे २३ युनिट मिळतात. लेड-ॲसिडमध्ये चार्जरसह एकूण कार्यक्षमता ७२ टक्के मानली, तर भिंतीतून ३२ युनिट घ्यावी लागतात. लिथियममध्ये ती ९२ टक्के मानली, तर २५ पुरतात. दररोज एक चार्ज आणि वर्षाला ३०० दिवस काम, या हिशेबाने वर्षाकाठी २१०० युनिट वाचतात, आणि युनिटला नऊ रुपये धरले तर ही बचत एकोणीस हजारांच्या जवळ जाते. ती नाकारण्यासारखी नाही. परंतु दोन बॅटऱ्यांच्या किमतीतील लाखांचा फरक एवढ्यावर भरून निघत नाही. विक्रेत्याच्या सादरीकरणात विजेची बचत सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, म्हणून हे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते.

खरा फरक पडतो तो आवर्तनांमुळे, म्हणजे बॅटरी किती वेळा रिकामी करून पुन्हा भरता येते यामुळे. चांगली निगा राखलेली ट्युब्युलर बॅटरी ८० टक्के डिस्चार्जवर सुमारे १५०० आवर्तने देते. एका पाळीच्या गोदामात वर्षाला ३०० आवर्तने होतात, म्हणजे ती पाच वर्षे चालते. एलएफपीची आवर्तने ३००० ते ४००० किंवा त्याहून अधिक सांगितली जातात; त्याच गोदामात ती संपायला दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागेल. मात्र बॅटरी वापरली नाही तरी वयाने झिजतेच, आणि तोपर्यंत गाडीही जुनी झालेली असते. म्हणजे एका पाळीचा मालक लिथियम घेतो तेव्हा जी आवर्तने तो कदाचित वापरणारच नाही, त्यांचेही पैसे भरतो. रात्रभर गोदाम बंद असेल, चार्जिंगला जागा असेल आणि पाणी भरणारा माणूस जबाबदार असेल, तर तिथे लेड-ॲसिड घेण्यात कोणताही मागासलेपणा नाही.

दोन पाळ्या सुरू झाल्या की हेच गणित उलटते. पहिल्या पाळीची बॅटरी दुसऱ्या पाळीत चार्जिंगला असते, म्हणून प्रत्येक गाडीमागे दोन बॅटऱ्या लागतात. लेड-ॲसिड बॅटरीची किंमत एक धरली आणि लिथियमची सव्वादोन, तर एका गाडीसाठी दोन विरुद्ध सव्वादोन एवढाच फरक उरतो. त्यात जवळपास एक टन वजनाची बॅटरी उचलून बदलण्यासाठी हॉइस्ट (वजन उचलण्याचे यंत्र) किंवा रोलरची ट्रॉली, त्यासाठी मोकळी जागा आणि प्रत्येक बदलात जाणारा गाडीचा व ऑपरेटरचा वेळ मिळवला, की पारडे लिथियमकडे झुकते. तिसऱ्या पाळीत तर आठ-आठ-आठचा दंडक पाळायचा झाल्यास गाडीमागे तीन बॅटऱ्या हव्यात. व्यवहारात त्या घेतल्या जात नाहीत. गरम बॅटरीच पुन्हा जोडली जाते आणि पाच वर्षांची अपेक्षा असलेली बॅटरी खूप आधीच भंगारात जाते.

या दोहोंच्या मधलेही पर्याय आहेत. जेल बॅटरीला पाणी घालावे लागत नाही, पण ती चार्ज व्हायला वेळ घेते आणि तिची आवर्तनेही सहसा कमी असतात. शुद्ध शिशाच्या पातळ प्लेटांची बॅटरी लवकर चार्ज होते आणि मधल्या सुट्टीतले चार्जिंग बऱ्यापैकी सहन करते. हलक्या स्टॅकरसाठी किंवा पॅलेट ट्रकसाठी त्यांचा विचार जरूर व्हावा.

(दृश्य: विद्युत पॅनेल आणि मीटर.)

विजेच्या दराची बाजू अलीकडे बदलली आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, दहा किलोवॅटहून अधिक मागणीच्या व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लागू करायचे होते. सौर तासांतील, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या तासांतील, दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि उच्च मागणीच्या तासांतील दर किमान २० टक्के जास्त, असे त्यात म्हटले आहे. लेड-ॲसिडची फोर्कलिफ्ट दिवसा राबते आणि पाळी संपल्यावर चार्जिंगला लागते, तर लिथियमची गाडी दुपारच्या स्वस्त तासांत थोडी थोडी भरून घेऊ शकते. छतावर सौर पॅनेल बसवलेल्या गोदामाला हे अधिकच सोयीचे.

त्याची दुसरी बाजूही पाहावी. ३०० अँपिअरचा एक चार्जर सुमारे १६ किलोवॅटचा भार टाकतो. जेवणाची घंटा होताच दहा गाड्या एकदम जोडल्या गेल्या, तर १६० किलोवॅटची मागणी मीटरवर नोंदली जाते, आणि महिन्याचा मागणी आकार सर्वोच्च मागणीवर लागतो. त्यामुळे जेवणाच्या वेळा पुढेमागे करणे किंवा चार्जरना पाळीपाळीने वीज देणारी नियंत्रणव्यवस्था बसवणे, हे लिथियमच्या खर्चातच धरायला हवे.

वजनाचा मुद्दा सुरक्षेचा आहे. फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी हा काउंटरवेटचाच भाग असतो. पुढे काट्यांवर माल आणि मागे शिसे, असा तो तोल आहे. तेवढ्याच ऊर्जेची लिथियम बॅटरी बरीच हलकी असल्याने जुन्या गाडीत ती बसवताना पेटीत पोलादी वजन टाकून भरपाई करावी लागते. गाडीच्या प्लेटवर बॅटरीचे किमान वजन कोरलेले असते, आणि त्याखाली जाणे म्हणजे मास्टवर, म्हणजे काटे वर नेणाऱ्या खांबावर, उंच पॅलेट असताना गाडी पुढे कलंडण्याला आमंत्रण देणे होय.

तापमानाचा परिणाम दोन्हींवर होतो. लेड-ॲसिडचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याखालच्या चार्जिंगच्या खोलीत त्याहून अधिक उकाडा असतो. लिथियमची अडचण उलट टोकाला आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. आईस्क्रीम किंवा गोठवलेला मटार ठेवणाऱ्या शीतगृहांनी म्हणून हीटर असलेली बॅटरी घ्यावी, किंवा चार्जिंगची जागा थंड कक्षाबाहेर ठेवावी.

आयुष्य संपल्यावर मात्र शिशाची बाजू भक्कम राहते. जुनी लेड-ॲसिड बॅटरी किलोवर विकली जाते आणि तिच्या मोबदल्यात नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते. एलएफपीमध्ये कोबाल्ट किंवा निकेल नसल्याने तिच्या भंगाराला तशी ओढ नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती आपल्या करारात कशी लिहिली आहे, हे खरेदीआधी पाहावे. सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञानही पुण्यात आयसर या विज्ञान संशोधन संस्थेच्या सहभागाने विकसित होऊन केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. पण आज घ्यायच्या गाडीचा निर्णय त्यासाठी थांबवू नये.

(दृश्य: फोर्कलिफ्टचा अवरमीटर जवळून, मागे सणासुदीच्या मालाची रास.)

कोटेशन मागवण्याआधी प्रत्येक गाडीचा अवरमीटर, म्हणजे ती किती तास चालली हे दाखवणारा आकडा, रोज लिहून ठेवावा, आणि त्या नोंदींत दिवाळीआधीचे आठवडे अवश्य असावेत. कारण एरवी एका पाळीचे वाटणारे गोदाम त्या काळात दोन पाळ्यांचे झालेले असते. लिथियमच्या वॉरंटीत वर्षे आणि आवर्तने दोन्ही लिहिलेली असतात, व त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथे ती संपते, म्हणून दोन्ही आकडे आपल्या नोंदींशी ताडून पाहावेत. बीएमएस बंद पडल्यास तंत्रज्ञ कोठून आणि किती तासांत येणार, हे मात्र लेखी घ्यावे. कारण लेड-ॲसिडचा एक सेल बदलून देणारा माणूस भोसरीत सापडतो, पण बीएमएसने बंद पाडलेली बॅटरी उत्पादकाच्या माणसाशिवाय सहसा सुरू होत नाही.